बिऱ्हाड मुंबईला, लेकरू बरोबर

या महिन्याच्या टपालात एकाच विषयावरची पत्रं जास्त आली: बदली किंवा नवी नोकरी मुंबईत, मूल लहान, आणि पगार वाढूनही हिशेब काही जुळत नाही. सारखे प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावं मुद्दामच छापलेली नाहीत.

प्रश्न: आम्ही सांगलीचे. मिस्टरांची बदली बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) झाली आहे, मुलगी साडेतीन वर्षांची आहे. सहा महिन्यांत मीही नोकरी धरणार. भाड्याला ३० हजारांच्या वर जाता येणार नाही. कुणी म्हणतं डोंबिवलीला मोठं घर घ्या, कुणी म्हणतं कुर्ल्यातच छोटं बघा. काय करावं?

भाड्याचा आकडा क्षणभर बाजूला ठेवा. संध्याकाळी साडेसहाला मुलीला पाळणाघरातून कोण आणणार, हे आधी ठरवा. मुंबईत भाडं स्टेशनागणिक उतरतं, पण प्रत्येक स्टेशनामागे पाळणाघराचे तास, रिक्षाचे पैसे आणि मुलीचं जेवण लांबणं वाढत जातं. भाड्यात वाचलेले पाच-सहा हजार असेच कुठेतरी परत जातात.

प्रवास मोजताना लोक फक्त गाडीतला वेळ धरतात. ठाणे ते कुर्ला अर्धा तास आणि डोंबिवली ते कुर्ला पाऊण तासाच्या आसपास, हे बरोबर आहे. पण घरातून स्टेशनापर्यंत शेअर रिक्षाची रांग, फलाटावर सोडून द्यावी लागलेली एखादी गाडी, कुर्ल्याचा गर्दीचा पूल आणि बाहेर पडल्यावर बीकेसीच्या रिक्षासाठी पुन्हा रांग, यांत सहज ४५ ते ५० मिनिटं जातात. ती तुम्ही ठाण्यात राहिलात तरी जातात आणि डोंबिवलीत राहिलात तरी जातात. घर पक्कं करण्याआधी कामाच्या दिवशी, सोमवारी जमलं तर उत्तम, सकाळी आठला त्या स्टेशनावरून ऑफिसच्या दारापर्यंत जा आणि संध्याकाळी साडेसहाला परत या. रविवारी मेगाब्लॉक असतो आणि गर्दीही वेगळी असते. त्या दिवशीचा अनुभव काही कामाचा नाही.

आमचं मत: तुमच्या बजेटात मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग किंवा ठाणे-कळवा बघा, घर लहान मिळालं तरी चालेल. कांजूर, भांडुप, नाहूरला फक्त स्लो लोकल (प्रत्येक स्टेशनावर थांबणारी) थांबते, पण कुर्ल्याला उतरणाऱ्याचं त्यात काही बिघडत नाही. या पट्ट्याचा दुसरा फायदा म्हणजे घाटकोपर. तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका आणि तिथे बदलून मेट्रो ३ ने थेट बीकेसी गाठता येतं. रोज परवडेलच असं नाही, पण पावसाने लोकल कोलमडते त्या दिवशी निदान घाटकोपरपर्यंत पोहोचायचा दुसरा रस्ता हाताशी असतो. कुर्ल्यात मिठीच्या काठचा भाग पावसात तुंबतो, त्यामुळे तिथे अगदी ओळखीतून घर आलं तरी गल्ली बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

डोंबिवलीला आमचा सरसकट विरोध नाही. आजी-आजोबा कायमचे बरोबर राहणार असतील, तर मोठं घर, मराठी शेजार आणि चालत जाण्याजोगी शाळा यांसाठी डोंबिवलीच बरी. दोघंही नोकरीला आणि घरी कुणी नाही, असं असेल तर मात्र नको. तुमची नोकरी शोधताना एक धरून चाला: दोघांपैकी एकाचं ऑफिस घराच्या दारापासून पाऊण तासाच्या आत हवं. तापाने फणफणलेल्या मुलीला आणायला दुपारी जायचं ते त्याच माणसाने.

आणि संध्याकाळी ठाण्याला उतरायचं असेल तर कुर्ल्याहून ठाणे लोकलच धरा. कर्जत-कसाऱ्याच्या गाडीत चढलात तर लांबचे लोक दारातून हलत नाहीत, आणि बोलणी खावी लागतात ती वेगळीच.

प्रश्न: पाळणाघर घराजवळ बघावं की ऑफिसजवळ? मुलगा दोन वर्षांचा आहे. काय काय विचारून घ्यायचं? सासूबाई पहिले तीन महिने येणार आहेत. (कोल्हापूर)

घराजवळ. ऑफिसजवळच्या पाळणाघराचा अर्थ असा की दोन वर्षांच्या मुलाला रोज गर्दीच्या वेळची लोकल. शिवाय तुम्ही आजारी पडून घरी राहिलात की त्याचंही पाळणाघर बुडतं. अपवाद एकच, ऑफिसच्याच इमारतीत पाळणाघर असेल आणि तुम्ही गाडीने जात असाल तर. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय देणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊन येण्याची मुभा आहे. अनेक कंपन्या स्वतः पाळणाघर चालवत नाहीत, बाहेरच्या एखाद्या साखळीशी करार करतात. त्यांची शाखा तुमच्या घराजवळ असेल तर तिथलं नाव सुचवा. एचआरला हे ऑफर लेटरवर सही करण्याआधी विचारायचं, नंतर विचारलं की उत्तर यायला महिने लागतात.

पाळणाघर बघायला दुपारी एक ते तीनच्या मध्ये जा, न सांगता. सकाळी सगळीकडे गाणी आणि रंगीत ठोकळे दिसतात. दुपारी मुलं झोपलेली असताना किती बायका जाग्या आहेत, मोबाइल किती हातांत आहेत, शू झालेल्या मुलाला किती वेळात बदललं जातं, हे दिसतं. दोन वर्षांच्या आतली मुलं असतील तर एका बाईकडे चारच्या वर नकोत. दोन ते तीन वयात सहापर्यंत चालून जातं. सीसीटीव्ही आहे असं कौतुकाने सांगितलं जाईल. चांगलंच आहे, पण कॅमेऱ्याने कुणी मुलाला उचलून घेत नाही.

पैशांचं बोलताना महिन्याची फी सगळे विचारतात. त्याऐवजी बंद होण्याची वेळ आणि त्यानंतरचा दर विचारा. सातला बंद होणाऱ्या पाळणाघरात उशिराचे पैसे अर्ध्या तासाच्या टप्प्याने लागतात, आणि पावसाळ्यात ते महिन्यातून चार-पाच वेळा तरी लागणार असं धरूनच चला. जेवण तिथलं की घरचा डबा, ताप किती आला की फोन करतात आणि किती वेळात न्यायला यावं लागतं, दिवाळीत आणि मे महिन्यात किती दिवस बंद, मूल महिनाभर गावी गेलं तरी पूर्ण फी का, हे लिहून घ्या. दुसरा माणूस न्यायला येणार असेल तर त्याचा फोटो आणि ओळखपत्राची प्रत आधीच देऊन ठेवा. हा दुसरा माणूस म्हणजे शेजारची काकू असो, बहीण असो की त्याच सोसायटीतली दुसरी आई, पहिल्या महिन्यातच शोधून ठेवायचा. गाड्या बंद पडल्यावर शोधायला जाल तर कुणी सापडत नाही.

सासूबाईंच्या तीन महिन्यांबद्दल: बहुतेक घरांत ते तीन महिने मूल आजीकडेच राहतं, आणि त्या निघाल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मुलाला थेट पाळणाघरात सोडलं जातं. नवं शहर, आजी गेलेली आणि आईही जाते. मूल मग खायचंच बंद करतं. त्या असतानाच सुरुवात करा. पहिला आठवडा तासभर, तोही आजी किंवा आई तिथेच बसून. दुसरा आठवडा दोन तास, एकट्याने. मग जेवणापर्यंत, आणि शेवटी दुपारच्या झोपेसकट. झोप सगळ्यात शेवटी, कारण अनोळखी जागी जागं होणं मुलांना सर्वांत जड जातं. घरची जुनी गोधडी किंवा चादर न धुता तिथे ठेवा. वासाने बरंच काम होतं.

प्रश्न: घर बघायला एकच शनिवार मिळणार आहे. एजंट सहा घरं दाखवणार म्हणतो. लहान मूल असताना नेमकं काय तपासावं? (परभणी)

सहा घरं एका दिवसात म्हणजे प्रत्येकी दहा मिनिटं. तीनच बघा, पण नीट बघा.

आत शिरल्यावर आधी खिडक्या. मुंबईतल्या सरकत्या काचांच्या खिडक्यांचे कट्टे बरेचदा गुडघ्याएवढेच असतात आणि मूल त्यावर सहज चढतं. ग्रिल आहे का, आणि दोन गजांमधलं अंतर १० सेंटिमीटरच्या आत आहे का, हे बघा. सोपी युक्ती म्हणजे तुमची मूठ सैलसर आरपार जात असेल तर फट जास्त आहे. बाहेर काढलेलं बॉक्स ग्रिल असेल तर त्याचा तळ हाताने दाबून बघा. गंजलेलं असेल तर त्यात मुलाला बसवायचं नाही, कुंड्यासुद्धा नकोत. ग्रिल नसेल तर ते कोण बसवणार हे करारात येऊ द्या, आणि सोसायटी परवानगी देते का तेही विचारा. काही नव्या टॉवरांमध्ये बाहेरून ग्रिल चालत नाही, आतून लावावं लागतं.

मग ओल. नुकताच रंग दिलेल्या घरात छताचे कोपरे, संडास-बाथरूमला लागून असलेली भिंत आणि कपाटाची पाठ यांच्यावर तळहात ठेवा. गार, किंचित चिकट लागलं की पावसाळ्यात तिथे बुरशी येणार, आणि खोकणाऱ्या मुलाला ती बाधते. गच्चीखालचा मजला स्वस्त मिळतो तो यासाठीच, शिवाय एप्रिल-मेमध्ये तापतो.

पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं हे मालकाला विचारू नका, वॉचमनला विचारा. टँकर येतो का, आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये की वेगळे, हेही त्यालाच. मीरा-भाईंदर, वसई-विरार, घोडबंदर रोड या पट्ट्यात हा प्रश्न टाळू नका. तळमजला घेत असाल तर जुलैत पाणी कुठपर्यंत येतं हे समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा. त्याच्या फळ्यांवर खूण असते.

इमारत ३० वर्षांपेक्षा जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट (बांधकामाच्या मजबुतीची तपासणी) कायद्याने लागतंच. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे ते झालं आहे का आणि इमारत कोणत्या वर्गात आहे, हे विचारा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, राहण्यास अयोग्य. भाडं आजूबाजूपेक्षा फारच कमी असेल तर हे एक कारण असू शकतं. दुसरं कारण म्हणजे लवकरच रिडेव्हलपमेंटला (पाडून नव्याने बांधायला) जाणारी इमारत, म्हणजे आठ महिन्यांत पुन्हा बिऱ्हाड हलवायचं आणि मुलाची शाळाही.

जागा मोजताना कार्पेट एरिया विचारा. ‘साडेपाचशे’ म्हणून दाखवलेलं घर आत साडेतीनशेचं निघतं, कारण एजंट जिना आणि लॉबीही मोजून सांगतात.

प्रश्न: भाडं ३०,०००, डिपॉझिट १ लाख. एजंट म्हणतो ॲग्रीमेंटला साडेपाच हजार लागतील. बरोबर आहे का? आणि नोटरी करून चालेल का? (अकोला)

नोटरी चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीचा भाडेकरार) लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. मालक टाळाटाळ करत असेल तर हे त्याला शांतपणे सांगा.

खर्चाचं गणित असं. ११ महिन्यांचं भाडं ३,३०,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरायचं, ११ महिन्यांचं होतं साधारण ९,१६७. बेरीज ३,३९,१६७. त्याच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे साडेआठशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. ऑनलाइन नोंदणीचा थोडा हाताळणी आकार वेगळा. उरलेले पैसे घरी येऊन आधार आणि अंगठा घेणाऱ्या माणसाच्या सेवेचे, आणि त्यावर घासाघीस करता येते. हा खर्च मालक-भाडेकरूने अर्धा-अर्धा वाटून घ्यायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे.

हातात मात्र जास्त रक्कम ठेवा. डिपॉझिट १ लाख, पहिलं भाडं ३० हजार, एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली ३० हजार. ट्रक, शाळा आणि पाळणाघराचं डिपॉझिट धरायच्या आधीच १ लाख ६० हजार झाले.

मूल शाळेत जाणार असेल तर ११ महिन्यांचा करार करू नका, ३३ महिन्यांचा मागा. दरवर्षीची भाडेवाढ त्यात आधीच लिहिलेली असते आणि मे महिन्यात घर सोडा म्हणून फोन येत नाही. लॉक-इन (घर सोडता न येण्याची मुदत) सहा महिन्यांच्या वर कबूल करू नका, आणि नोटीस दोन्ही बाजूंनी सारखी हवी. मालकाकडून दोन महिन्यांची मिळाली तर फारच छान. भिंतींचे, गिझरचे, पंख्यांचे फोटो किल्ली घेतानाच काढून मालकाला पाठवून ठेवा. डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायचा वाद याच फोटोंवर मिटतो.

‘हेवी डिपॉझिट’ देऊन बिनभाड्याचं घर कुणी देऊ केलं तर नको म्हणा. दहा लाख गुंतलेले असताना मालकाकडे परत द्यायला पैसे नसले की तुम्ही तिथेच अडकता. पागडीच्या (एकदाच मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या) घरात राहणाऱ्याने परस्पर तुम्हाला भाड्याने ठेवणं हाही तसाच घोळ आहे.

प्रश्न: मुलगा मराठी माध्यमात दुसरीला आहे, जानेवारीत हलायचंय. धाकटी पुढच्या जूनला नर्सरीत जाईल. वर्षाच्या मध्येच प्रवेश मिळतो का? (नाशिक)

मोठ्याला मिळतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे पहिली ते आठवीच्या मुलाला पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत बदली घेण्याचा हक्क आहे, जुन्या शाळेने दाखला लगेच द्यायला हवा, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. खासगी विनाअनुदानित शाळांना ही सक्ती नाही. त्या जागा असतील तरच घेतात आणि फी बरेचदा पूर्ण वर्षाची मागतात. शाळा सोडल्याचा दाखला घेताना त्यावरचं नाव, जन्मतारीख आणि आधार क्रमांक तिथेच ताडून बघा. एका वेलांटीच्या फरकापायी पोर्टलवर नोंद अडकते आणि दुरुस्तीसाठी जुन्याच शाळेत जावं लागतं. प्रगतिपुस्तक आणि पुस्तकांचे संचही आणा.

जानेवारीतच हलणं भाग नसेल तर एप्रिलची परीक्षा होऊ द्या. वडिलांनी तीन महिने कॉट बेसिसवर (फक्त झोपायची जागा भाड्याने घेऊन) काढले तर त्या वेळात घरही नीट शोधता येतं.

धाकटीसाठी वयाचा नियम प्रवेशाच्या वर्षातल्या ३१ डिसेंबरवर चालतो. नर्सरीला त्या तारखेला तीन वर्षं पूर्ण, पहिलीला सहा. म्हणजे जून २०२६ मध्ये पहिलीत बसायचं तर जन्म ३१ डिसेंबर २०२० किंवा त्याआधीचा हवा. नावाजलेल्या खासगी शाळांचे नर्सरीचे अर्ज आदल्या वर्षी दिवाळीच्या आगेमागेच सुटतात, जूनची वाट बघू नका. मुलाची किंवा पालकांची मुलाखत आणि डोनेशन, दोन्हीला त्याच कायद्याच्या कलम १३ ने बंदी आहे. पालिकेच्या मुंबई पब्लिक स्कूलमध्ये सीबीएसई आणि आयसीएसई वर्गही आहेत, फी नाही, म्हणून जागांसाठी झुंबड असते. घर ठरायच्या आधीच वॉर्डातली शाळा बघून या.

प्रश्न: चार वर्षांच्या मुलीला घेऊन लोकलने जाता येतं का? आम्हाला सवय नाही. (बीड)

येतं, वेळ सांभाळून. सकाळी साडेसात ते साडेदहा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ उत्तरेकडे, एवढं टाळा. पाच वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. लेडीज डब्यात १२ वर्षांखालचा मुलगाही चालतो, त्यामुळे आई बरोबर असेल तर तोच डबा बरा. बाबागाडी नेऊ नका. चढताना मूल कडेवर, बॅग पुढे, आणि गाडी थांबेपर्यंत दारात जायचं नाही. मुलीच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी हवी. चुकामूक झाली तर रेल्वेचा १३९ आणि मुलांसाठीचा १०९८ लक्षात ठेवा.

एक गोष्ट बाहेरगावच्यांना हमखास फसवते. रिक्षा वांद्रे आणि सायनपर्यंतच. त्यापुढे दादर, परळ, गिरगाव सगळीकडे टॅक्सी किंवा बेस्टची बस. परळच्या वाडिया हॉस्पिटलला मुलीला दाखवायला निघालात तर याचा आधीच विचार करा.

प्रश्न: गॅस, लसीचं कार्ड आणि सामान यांचं काय? (सोलापूर)

घरात पाइप गॅस असेल तर तो मालकाच्या नावावर असतो, बिल तेवढं तुम्ही भरायचं. नसेल तर जुन्या एजन्सीकडे सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्या. पॅकर्सवाले सिलिंडर तसाही नेत नाहीत. सामानासाठी सोसायटीची लिफ्ट मोजून घ्या. जुन्या इमारतींत चार माणसांची लिफ्ट असते, दोन दारी कपाट जात नाही आणि मजल्यामागे हमाली लागते. शिफ्टिंग कोणत्या वारी आणि किती वाजेपर्यंत चालतं, तेही सेक्रेटरीला आधी विचारा.

लसीसाठी माता-बाल संरक्षण कार्ड दाखवलं की पालिकेच्या कुठल्याही आरोग्य केंद्रात पुढचे डोस मोफत मिळतात. पाच ते सहा वयातला डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर हलवाहलवीत सर्वांत जास्त राहून जातो. ते कार्ड, जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि गॅसचं व्हाउचर एका पिशवीत घालून स्वतःजवळ ठेवा. ट्रकमध्ये टाकू नका, ट्रक एखाददुसरा दिवस उशिरा येतोच.